धुराचा हिशेब मागणारा पत्रकार

अभियांत्रिकीची पदवी घेऊन लेखणी हाती धरणारी माणसे आपल्याकडे विरळाच. अनिल अग्रवाल (१९४७-२००२) त्यांतले. कानपूरच्या आय. आय. टी.तून बाहेर पडून ते पत्रकारितेत आले, चिपको आंदोलनावर त्यांनी लिहिले आणि १९८० मध्ये दिल्लीत विज्ञान व पर्यावरण केंद्र स्थापन केले. पर्यावरण हा सुखवस्तूंचा छंद नव्हे, सरपणासाठी रानोमाळ हिंडणाऱ्या बाईचा तो प्रश्न आहे, ही त्यांची भूमिका.

परंतु त्यांचे खरे मोल १९९१ साली कळले. हवामान बिघडविणाऱ्या पहिल्या पाच देशांत भारताला एका अमेरिकन संस्थेने बसविले होते. सुनीता नारायण यांच्यासह लिहिलेल्या पुस्तिकेत अग्रवालांनी विचारले, की गरिबाच्या भातखाचरातला मिथेन आणि श्रीमंताच्या मोटारीचा धूर एकाच तागडीत कसा तोलता? धूर पचविण्याची पृथ्वीची शक्ती दरडोई वाटून हिशेब करा, असा त्यांचा आग्रह होता. (आकड्यांना भिणाऱ्या लेखकांनी ही पुस्तिका अवश्य पाहावी.)

पुढे कर्करोगाने गाठले; तरी दिल्लीतील वाहनांच्या धुराविरुद्धचा लढा त्यांनी सोडला नाही. २ जानेवारी २००२ रोजी ते निवर्तले. राजधानीतील शहर-वाहतुकीच्या डिझेल बसगाड्या हटल्या त्याच वर्षाच्या अखेरीस.