केटरिंग (मेसचं नव्हे)

केटरिंग म्हटलं की आपल्याला मेसची पातळ डाळ आठवते. गेल्या दिवाळीपर्यंत माझंही तसंच होतं. त्या सुट्टीत मामांच्या जुन्या गाडीचा स्विच उघडला आणि चार्ल्स केटरिंग नावाच्या माणसाशी ओळख झाली.

गाडी १९६०च्या दशकातली. किल्ली फिरवली की दिवे लागायचे, हॉर्न वाजायचा, पण स्टार्टर नुसता टक् करून गप्प. एका मेकॅनिकने मोटरच बदला म्हणून सांगितलेलं, मामी म्हणायच्या भंगारात घाला. हँडल मारायचा प्रश्नच नव्हता. तरुणपणी हँडलने उलटा झटका दिला तेव्हा मामांचं उजवं मनगट मोडलं, ते अजून नीट वळत नाही.

हँडलचा हा झटका अमेरिकेत १९०८ साली बायरन कार्टर या मोटार बनवणाऱ्याला भोवला. बंद पडलेली दुसऱ्याची गाडी सुरू करून देताना हँडल जबड्यावर बसलं आणि पुढे त्यातच तो गेला असं सांगतात. कॅडिलॅकचे प्रमुख हेन्री लेलंड त्याचे स्नेही. हँडलशिवाय गाडी सुरू करायचा मार्ग शोधा, असं त्यांनी ज्याला सांगितलं तो हा केटरिंग.

जन्म १८७६चा, ओहायोतल्या शेतकरी घरातला. डोळे इतके कमजोर की वाचलं की डोकं ठणकायचं. त्यापायी शिक्षण सोडावं लागलं, मध्ये शाळामास्तरकी केली, टेलिफोनचे खांब रोवणाऱ्या टोळीत काम केलं. परत कॉलेजात आला तेव्हा रूममेट त्याला पुस्तकं वाचून दाखवायचे. (आमच्या रूमवर वाचून दाखवायला आधी कोणी पुस्तक उघडायला हवं!) १९०४ साली, सत्ताविसाव्या वर्षी, तो इलेक्ट्रिकल इंजिनिअर झाला. केटी लागलेल्यांनी हा आकडा लिहून ठेवावा.

नोकरी डेटनच्या नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत. दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्राला त्याने मोटर बसवली आणि तिथेच त्याला खरी गोष्ट कळली. गल्ला उघडायला क्षणभरच जोर लागतो, म्हणून छोटी मोटरही तेवढ्यापुरता जास्त करंट सोसू शकते. इंजिन फिरवायचं तर इंजिनाएवढी मोटर हवी, असं जाणकार म्हणत होते. ते मोटर दिवसभर चालेल असा हिशेब करत होते, हा काही सेकंदांचा करत होता. एडवर्ड डीड्स या सहकाऱ्याच्या घरामागच्या कोठारात रात्री जागून दोस्तमंडळींनी काम केलं. त्यातूनच १९०९ साली डेल्को कंपनी निघाली. १९१२च्या कॅडिलॅकमध्ये सेल्फ-स्टार्टर आला. मला सगळ्यात आवडला तो त्यातला स्विच. सुरू करताना बॅटरीचे संच सीरिजमध्ये जोडून २४ व्होल्ट, आणि चार्ज होताना तेच पॅरलल करून ६ व्होल्ट. सेकंड इयरचं सर्किट, पण सुचायला हवं ना!

आता आमचा स्विच. बॅटरीवर साडेबारा व्होल्ट होते. किल्ली स्टार्टला धरली की सोलेनॉइडच्या बारीक वायरीवर जेमतेम सात. मग मीटरच्या दोन्ही पिना स्विचच्या टर्मिनलवर ठेवल्या आणि मामांना किल्ली फिरवायला सांगितलं. चार व्होल्ट एकटा स्विच खात होता! गाडी न्यूट्रलला घेऊन बॅटरीवरून सोलेनॉइडला सरळ वायर लावली, तर इंजिन लगेच फिरलं. म्हणजे मोटर ठणठणीत. बॅटरीची निगेटिव्ह काढली, स्विच बाहेर घेतला, पत्र्याचे कान हळूच उचकटले. आत ग्रीस वाळून डांबर झालेलं, तांब्याच्या ठिपक्यांवर काळा थर. (स्प्रिंग उडून सोफ्याखाली गेली, शोधायला अर्धा तास.) बारीक पॉलिश पेपर मारला, रॉकेलने धुतलं, नवं ग्रीस अगदी बोटभर लावलं. परत मोजलं तर दोन पॉइंटच्या आत.

केटरिंग पुढे १९४७पर्यंत जनरल मोटर्सच्या संशोधन विभागाचा प्रमुख होता. सगळंच काही जमलं नाही. १९२३चं त्याचं हवेने थंड होणारं तांब्याच्या पंख्यांचं इंजिन साफ फसलं, गाड्या परत मागवाव्या लागल्या. आणि त्याच्याच हाताखाली मिजलीने १९२१ साली पेट्रोलमध्ये शिसं घालायचा शोध लावला. १९२४ साली ते बनवताना कामगार मेले, तरी तो त्याची बाजू घेत राहिला. हे वाचून मी दोन दिवस नाराज होतो. ज्याने मामांसारख्यांची मनगटं वाचवायची सोय केली, त्याच माणसाच्या लॅबमधून निघालेलं शिसं आपल्या शहरांनी २००० सालापर्यंत हुंगलं. कॅन्सर संशोधनाच्या संस्थेलाही त्याचं नाव आहे. हे सगळं एकाच माणसाच्या खात्यावर. १९५८ साली तो डेटनमध्ये वारला.

स्विच बसवल्यावर किल्ली मामांनाच फिरवायला लावली. पहिल्या झटक्यात सुरू. मामी चहा ठेवायला आत गेल्या, मामांनी सीटखालचं हँडल काढून फडक्याने पुसलं, आणि परत तिथंच ठेवलं.