गुप्तरोगावर उघड बोलणारे र. धों. कर्वे

भिवपुरी (ता. कर्जत) : ताप आला तर माणूस लगेच डॉक्टर गाठतो. पण लघवीच्या जागी फोड आला की महिना महिना लपवतो. या लपवण्याविरुद्ध शंभर वर्षांपूर्वी एक कोकणी माणूस मुंबईत भांडत होता. रघुनाथ धोंडो कर्वे.

जन्म १४ जानेवारी १८८२, दापोलीजवळचं मुरूड (आपलं मुरूड-जंजिरा नव्हे). वडील महर्षी धोंडो केशव कर्वे. रघुनाथ नऊ वर्षांचे असताना आई राधाबाई बाळंतपणात गेल्या. पोरगा हुशार, १८९९ ला मॅट्रिकला पहिला. पुढे गणिताचे प्राध्यापक झाले.

१९२१ ला त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. पत्नी मालतीबाई जोडीला होत्या. याच विचारांपायी विल्सन कॉलेजची नोकरी सोडावी लागली. गुप्तरोगांपासून बचावावर त्यांनी पुस्तक लिहिलं आणि जुलै १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं. रोग म्हणजे पाप नव्हे, त्याची माहिती लोकांना मिळालीच पाहिजे, एवढाच त्यांचा हट्ट. त्यासाठी अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. खटला हरले, दंड भरला, मासिक थांबलं नाही. १४ ऑक्टोबर १९५३ ला कर्वे गेले, तेव्हाच ते बंद पडलं.

त्यांच्या हयातीत एचआयव्हीचं नावही नव्हतं. भारतात तो १९८६ ला सापडला. पण वाट तीच. गुप्तरोगाची जखम असली की एचआयव्हीला शरीरात शिरायला दार मिळतं. म्हणून सरकारी दवाखान्यात गुप्तरोग निघाला की एचआयव्हीची तपासणीही करायला सांगतात, जोडीदारालाही बोलावतात. एकट्यानेच गोळ्या खाल्ल्या तर घरातून तोच रोग परत येतो. गरोदर बाईची सिफिलिस आणि एचआयव्ही दोन्ही तपासण्या होतात. वेळेत उपचार मिळाले तर बाळ वाचतं.

अडचण येते ती पाठपुराव्याला. दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलेलं कुटुंब पावसाच्या तोंडावर परततं, तोवर जोडीदाराची तपासणी राहून जाते. भट्टी कुठेही असो, तिथल्या सरकारी दवाखान्यातही ही तपासणी फुकट होते आणि नाव गुप्त ठेवणं कायद्यानेच बंधनकारक आहे. फोनवर विचारायचं असेल तर १०९७ हा मोफत नंबर आहे.