मेरीवेदर लुईस आणि पुन्हा जिवंत झालेले मूळ

अमेरिकेत रॉकी पर्वताच्या पायथ्याशी पसरलेल्या कोरड्या, खडकाळ माळरानांवर उन्हाळ्याच्या तोंडाशी एक फूल उमलते. देठ जवळजवळ नाहीच. गुलाबी किंवा पांढऱ्या पाकळ्या थेट जमिनीवर ठेवल्यासारख्या दिसतात. इंग्रजीत त्याला बिटररूट, म्हणजे कडू मूळ म्हणतात. त्याचे शास्त्रीय नाव लेविसिया रेडिविव्हा. त्यातील पहिला शब्द मेरीवेदर लुईस या संशोधक प्रवाशाच्या आडनावावरून आला आहे. दुसऱ्याचा अर्थ पुन्हा जिवंत झालेली. हे नाव ग्रंथात छापले गेले, तेव्हा लुईस मात्र हयात नव्हता.

लुईसचा जन्म १८ ऑगस्ट १७७४ रोजी व्हर्जिनियात झाला. वडील लहानपणीच गेले. आई ल्युसी वनौषधींची जाणकार म्हणून पंचक्रोशीत प्रसिद्ध होती. झाडापाल्याची ओळख त्याला घरातच झाली. सैन्यात काही वर्षे काढल्यावर १८०१ मध्ये राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांनी त्याला आपला खासगी सचिव नेमले. १८०३ मध्ये अमेरिकेने फ्रान्सकडून लुइझियानाचा विस्तीर्ण प्रदेश विकत घेतला आणि पॅसिफिक महासागरापर्यंतची वाट शोधण्याची मोहीम लुईसवर सोपवण्यात आली. तत्पूर्वी फिलाडेल्फियात बेंजामिन स्मिथ बार्टन यांच्याकडे त्याने वनस्पतींचे नमुने दाबून वाळवण्याचे आणि त्यांच्या नोंदी ठेवण्याचे शिक्षण घेतले.

मे १८०४ मध्ये विल्यम क्लार्कसह निघालेली ही तुकडी सुमारे १३ हजार किलोमीटरचा प्रवास करून सप्टेंबर १८०६ मध्ये परतली. वाटेत, ऑगस्ट १८०५ मध्ये, शोशोनी लोकांच्या एका पिशवीतील वाळलेली मुळे लुईसच्या हाती आली. त्याने ती शिजवून चाखली आणि तो कडवटपणा त्याला मुळीच रुचला नाही. स्थानिक लोक मात्र तीच मुळे आवडीने खात होते. परतीच्या वाटेवर, जुलै १८०६ च्या आरंभी, आजच्या मोंटाना राज्यातील बिटररूट खोऱ्यात त्याला हीच वनस्पती फुललेली आढळली. मुळांसकट उपटून त्याने ती कागदात दाबून ठेवली.

या रोपाचे सारे बळ जमिनीखाली असते. बर्फ वितळताच अरुंद, मांसल पाने फुटतात; फूल येईपर्यंत ती बहुधा सुकून जातात. उन्हाळ्याच्या कोरड्या महिन्यांत वर काहीच उरत नाही. खाली जाड मुळे पाणी आणि पिष्ट साठवून निजलेली असतात. आपल्याकडील घोळीच्या भाजीचे हे दूरचे नातेवाईक आहे. पूर्वी दोघींची गणना एकाच कुळात होत असे.

लुईसने आणलेल्या नमुन्यांतील वाळलेल्या मुळांत काही काळाने जीव असल्याची चिन्हे दिसली. फिलाडेल्फियातील रोपवाटिकेचे मालक बर्नार्ड मॅकमहोन यांच्या बागेत ती लावण्यात आली. ती तगली, वर्षभराहून अधिक काळ वाढली. फुलली मात्र नाहीत. फ्रेडरिक पुर्श या जर्मन वंशाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने उत्तर अमेरिकेच्या वनस्पतींवरील आपल्या ग्रंथात, १८१४ च्या सुमारास, तिला लुईसचे नाव दिले आणि मुळांच्या या चिवटपणावरून रेडिविव्हा हे विशेषण जोडले.

लुईसच्या वाट्याला असे पुनरुज्जीवन आले नाही. मोहिमेनंतर त्याची लुइझियाना प्रांताच्या गव्हर्नरपदी नेमणूक झाली. पण कारभारातील कटकटी, मद्याचे व्यसन आणि सरकारने नाकारलेली खर्चाची देयके यांनी तो खचला. मोहिमेचा वृत्तांत त्याच्या हातून छापून झालाच नाही. देयकांचा खुलासा करण्यासाठी वॉशिंग्टनकडे निघालेला असताना ११ ऑक्टोबर १८०९ रोजी टेनेसीतील एका रस्त्याकाठच्या उताऱ्यावर गोळी लागून त्याचा अंत झाला. तो अवघा ३५ वर्षांचा होता. बहुतेक इतिहासकार ही आत्महत्या मानतात. खुनाचा संशयही काहींनी व्यक्त केला आहे. त्याने जमवलेल्या वनस्पतींपैकी बऱ्याचशा फिलाडेल्फियात विस्मृतीत पडून राहिल्या आणि १८९६ मध्ये पुन्हा हाती लागल्या.

शास्त्राने नाव देण्याच्या कितीतरी आधीपासून सॅलिश लोक या मुळाला स्पेटलम म्हणून ओळखत होते. फूल येण्यापूर्वी, साल सहज सुटते त्या दिवसांत, ते काढायचे, हे ज्ञान पिढ्यानपिढ्या चालत आले होते. १८९१ मध्ये त्यांच्या उरलेल्या कुटुंबांना बिटररूट खोरे सोडावे लागले आणि १८९५ मध्ये मोंटानाने हेच फूल राज्यपुष्प म्हणून स्वीकारले. नव्या वस्तीतही सॅलिश लोकांनी मूळ काढण्याचा वसंतातला विधी सोडला नाही. पहिले मूळ प्रार्थनेने काढण्याची त्यांची रीत आजही पाळली जाते.