दीपगृहातली आयडा लुईस

शिक्षक मित्रांनो, पालकहो, नवी मुंबईहून अलिबागला सहल गेली की थळच्या किनाऱ्यावरून मुलांना खांदेरी बेटावरचं दीपगृह जरूर दाखवा. ते १८६७ सालचं. मुलं लगेच विचारतील, तिथे माणसं राहायची का? त्यांची मुलं शाळेत कशी जायची? याचं उत्तर द्यायला मला आयडा लुईसचं चरित्र फार आवडतं.

आयडाचा जन्म २५ फेब्रुवारी १८४२ चा, अमेरिकेतल्या न्यूपोर्टचा. वडील होसिया लुईस हे तिथल्या बंदरातल्या लाइम रॉक या खडकावरच्या दीपगृहाचे राखणदार. १८५७ साली सगळं कुटुंब खडकावर राहायला गेलं आणि चारच महिन्यांत वडिलांना पक्षाघात झाला. आयडा तेव्हा पंधरा वर्षांची. घरात अंथरुणाला खिळलेले वडील, धाकटी भावंडं. पण दिवा तर रोज लागलाच पाहिजे! मग आईनं आणि आयडानं ते काम अंगावर घेतलं.

काम म्हणजे काय, ते मुलांना नीट सांगा. सूर्यास्ताला दिव्यात तेल भरायचं, मध्यरात्री उठून पुन्हा भरायचं. वात कातरायची, काजळी पुसायची, पहाटे दिवा मालवायचा. शिवाय भावंडांना होडीत बसवून, स्वतः वल्ही मारत शाळेत पोचवायचं. आपल्याकडे स्कूलबसला दहा मिनिटं उशीर झाला तरी पालकांच्या ग्रुपवर काय गोंधळ होतो, बघा!

२९ मार्च १८६९ ला हिमवादळात एक होडी उलटली. सर्दीनं बेजार असलेली आयडा अंगात कोट नाही, पायात बूट नाहीत, अशीच धावली. धाकट्या भावाच्या मदतीनं तिनं दोन सैनिकांना वाचवलं. त्यांना वाट दाखवणारा मुलगा मात्र बुडाला. हेही मुलांपासून लपवू नये, असं मला वाटतं. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष ग्रँट तिला भेटायला आले.

इतकं नाव झालं, तरी कागदोपत्री राखणदार वडीलच! १८७० मध्ये तिचं लग्न झालं, पण ते टिकलं नाही. ती खडकावर परतली. १८७२ मध्ये वडील वारले, तर नेमणूक आईच्या नावे झाली. काम आयडाच करत होती. तिचं स्वतःचं नाव लागलं थेट १८७९ साली, वर्षाला ७५० डॉलर पगारावर. वजाबाकी मुलांनाच करू द्या. पंधराव्या वर्षी वात हाती घेतलेली मुलगी तोवर सदतीस वर्षांची झाली होती.

१८८१ मध्ये तिला जीव वाचवण्याबद्दलचं सुवर्णपदक मिळालं. सरकारी नोंदीप्रमाणे तिनं अठरा जणांना वाचवलं. ऑक्टोबर १९११ मध्ये ती वारली, तेव्हाही दिव्याची जबाबदारी तिच्याकडेच होती. १९२४ साली लाइम रॉकचं नाव बदलून आयडा लुईस रॉक ठेवलं गेलं.