संकटकाळचा धनी : सर दोराबजी टाटा

जमशेदपूरच्या पोलाद कारखान्याशी आपल्या ग्वाल्हेरचे जुने नाते आहे. १९०७ साली ती कंपनी निघाली, तेव्हा खेळत्या भांडवलासाठी काढलेले चार लाख पौंडांचे सगळे कर्जरोखे श्रीमंत माधवराव महाराज शिंदे यांनी एकट्याने घेतले होते. तोच कारखाना पुढे बुडण्याच्या बेतात आला असता ज्यांनी तो सावरला, त्या सर दोराबजी टाटांचे चरित्र म्हणूनच येथे स्मरणीय आहे.

दोराबजींचा जन्म १८५९ चा. केंब्रिजला काही काळ शिकून त्यांनी मुंबईच्या सेंट झेवियर कॉलेजातून १८८२ साली पदवी घेतली. १९०४ मध्ये वडील जमशेटजी निवर्तले आणि पोलादाचे स्वप्न मुलाकडे आले. १९१२ साली साकचीला पहिले पोलाद निघाले. त्याच वर्षी, कायद्याची सक्ती नसताना, कामगारांना आठ तासांचा दिवस मिळाला. १९२० मध्ये प्रॉव्हिडंट फंड सुरू झाला. महायुद्धात येथले रूळ मेसोपोटेमियापर्यंत गेले. १९१९ साली साकचीचे जमशेदपूर झाले. कामगारांची मान ताठ व्हावी असाच तो काळ होता.

पण दिवस पालटले. विस्ताराचा खर्च फुगला, परदेशचे स्वस्त पोलाद बाजारात उतरले, आणि १९२३ च्या भूकंपाने जपानसारखे मोठे गिऱ्हाईक गेले. १९२४ साली जमशेदपूरहून तार आली : पगाराला पैसा नाही.

दोराबजी तेव्हा पासष्टीच्या घरात होते. त्यांनी सुमारे एक कोटी रुपयांची आपली खाजगी मालमत्ता इंपीरियल बँकेकडे तारण ठेवली. पत्नी मेहरबाईंचे दागिने, कोहिनूरच्या दुपटीहून मोठा असा २४५ कॅरटचा ज्युबिली हिरासुद्धा, त्यात होते. पगार भागले. सरकारने परदेशी पोलादावर संरक्षक जकात बसवली, उत्पादन वाढले आणि कर्ज फिटले.

धन्याने घरचे दागिने गहाण टाकले की कामगाराचे मन सावरते. परंतु ते कायमचे जिंकले जात नाही. १९२८ साली नोकरकपातीवरून जमशेदपुरात दीर्घ संप झाला, आणि सुभाषचंद्र बोसांनी त्यात लक्ष घातल्यावर तडजोड झाली. धन्याच्या त्यागाची आठवण असली, तरी नोकरीची शाश्वती कामगाराला निराळी हवीच असते.

मेहरबाई १९३१ साली वारल्या. मूलबाळ नव्हते. १९३२ मध्ये दोराबजींनी बहुतेक सारी संपत्ती एका विश्वस्तनिधीच्या हवाली केली आणि त्याच वर्षी जर्मनीत त्यांचा अंत झाला. पगारासाठी एकदा गहाण पडलेला तो हिराही पुढे विकला गेला आणि त्याचे पैसे निधीत जमा झाले. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली त्याच निधीने उभारले.