बॅरिस्टर तय्यबजी

बद्रुद्दीन तय्यबजी यांचा जन्म १० ऑक्टोबर १८४४ रोजी झाला. त्यांचे वडील तय्यब अली हे मुंबईतील व्यापारी. मुलांनी विलायतेत शिकावे असे त्यांना वाटे. थोरले बंधू कमरुद्दीन लंडनला जाऊन सॉलिसिटर झाले होते. १८६० मध्ये बद्रुद्दीनही निघाले. सुएझचा कालवा तेव्हा खुला झाला नव्हता. सुएझपर्यंत आगबोट, मग इजिप्तमधून आगगाडी आणि पुढे पुन्हा आगबोट, असा तो प्रवास असे.

लंडनमध्ये ते आधी शाळेत शिकले. १८६३ मध्ये मिडल टेंपल या संस्थेत कायदा शिकू लागले. तिथली एक गंमत होती. नुसता अभ्यास पुरत नसे. विद्यार्थ्याला ठरावीक वेळा संस्थेच्या भोजनगृहात जेवावे लागे! त्याशिवाय बॅरिस्टर होता येत नसे.

पण बद्रुद्दीन यांचे डोळे अधू होऊ लागले. १८६४ च्या अखेरीस शिक्षण अर्धवट सोडून त्यांना मुंबईला परतावे लागले. वकिलाचे सारे काम वाचण्याचे. अशा डोळ्यांनी ते कसे व्हायचे? तरी वर्षभराने ते पुन्हा लंडनला गेले आणि एप्रिल १८६७ मध्ये बॅरिस्टर झाले.

मुंबई हायकोर्टातील ते पहिले हिंदी बॅरिस्टर. अंजुमन-ए-इस्लाम या शिक्षणसंस्थेच्या स्थापनेतही त्यांचा मोठा वाटा होता. १८९५ मध्ये ते हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. १८९७ मध्ये लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. आधी नाकारलेला जामीन टिळकांना न्यायमूर्ती तय्यबजींनी दिला.

ऑगस्ट १९०६ मध्ये त्यांचे निधन झाले, तेही लंडनमध्येच.