जनरल ग्रँट : क्षमा आणि न्याय

पराभूत शत्रूस क्षमा करणे हे थोरपणाचे लक्षण खरे. परंतु ज्याच्यावर अन्याय झाला त्याला न विचारता इतरांनीच अपराध्यास क्षमा करून टाकणे, हे थोरपण नव्हे. हा भेद ज्यांच्या चरित्रात स्पष्ट दिसतो, असे एक पुरुष म्हणजे अमेरिकेचे सेनापती व पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले युलिसिस ग्रँट होत.

ग्रँट यांचा जन्म २७ एप्रिल १८२२ रोजी ओहायो राज्यातील पॉइंट प्लेझंट ह्या लहानशा गावी झाला. वडिलांचा धंदा कातडी कमावण्याचा. वेस्ट पॉइंट येथील लष्करी शिक्षण १८४३ साली पुरे करून ते सैन्यात शिरले. १८५४ मध्ये त्यांनी नोकरी सोडली. पण शेतीत अपयश आले व विपन्नावस्था प्राप्त झाली. अशाही स्थितीत १८५९ साली आपल्या ताब्यातील एका गुलामास विकून पैसा न करता त्यांनी त्यास मुक्त केले. पुढे ते वडिलांच्या चामड्याच्या दुकानात काम करू लागले.

१८६० च्या निवडणुकीत लिंकन विजयी झाले. गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेकडील राज्यांनी तो कौल झुगारला आणि १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटले. ग्रँट पुन्हा सैन्यात दाखल झाले व १८६४ मध्ये सरसेनापती झाले. ९ एप्रिल १८६५ रोजी दक्षिणेचे सेनापती ली त्यांना शरण आले. ग्रँट यांनी शरणागतांना बंदी केले नाही. शस्त्र पुन्हा न उचलण्याच्या वचनावर घरी जाऊ दिले, नांगरणीसाठी घोडे नेऊ दिले, भुकेल्यांस शिधा दिला आणि विजयाच्या तोफाही थांबविल्या. पुढे ली यांच्यावर राजद्रोहाचा खटला भरण्याचे घाटू लागताच, दिलेला शब्द मोडल्यास आपण पद सोडू, असे त्यांनी सरकारला बजावले.

पण क्षमेचा अर्थ सर्वांनाच कळला नाही. मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना १८७० च्या घटनादुरुस्तीने मतदानाचे संरक्षण मिळाले. तो हक्क बजावू नये म्हणून कू क्लक्स क्लॅन ही गुप्त संघटना रात्री घरांत शिरून फटके मारी, खून पाडी. स्थानिक न्यायालयांत साक्ष देण्यास कोणी धजेना. १८६९ पासून राष्ट्राध्यक्ष असलेल्या ग्रँट यांनी १८७१ चा कायदा करवून घेतला, साउथ कॅरोलायनातील नऊ जिल्ह्यांत सैन्य धाडले आणि शेकडोंना अटक करविली. खटल्यांची धुरा वाहणारे महान्यायवादी एकरमन हे पूर्वी स्वतः दक्षिणेच्या बाजूने लढलेले होते! क्लॅनचा कणा मोडला. त्यानंतर १८७२ मध्ये बहुतेक जुन्या बंडखोरांस राजकीय हक्क परत देणाऱ्या कायद्यावरही ग्रँट यांनीच सही केली.

त्यांच्या चरित्रात उणिवाही आहेत. त्यांच्या कारकिर्दीत भ्रष्टाचार माजला. १८७५ साली मिसिसिपीत मतदारांवर दहशत बसविली जात असता त्यांनी सैन्य पाठविले नाही. १८७३ च्या कोलफॅक्स येथील हत्याकांडातील आरोपींची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने १८७६ मध्ये रद्द ठरविली. पुढे सैन्याचा आधार गेला आणि कृष्णवर्णीयांचा मताधिकार दक्षिणेत बहुतांशी कागदावरच राहिला. १९६५ च्या कायद्याने तो खऱ्या अर्थाने परत मिळाला.

पदावरून उतरल्यावर ग्रँट जगप्रवासास निघाले. १८७९ मध्ये ते मुंबईसही आले होते. २३ जुलै १८८५ रोजी घशाच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. अंत्ययात्रेत त्यांच्या सेनापतींबरोबर पूर्वीचे शत्रुसेनापतीही मानकरी होते. १८७१ च्या त्यांच्या कायद्याचा आधार ६ जानेवारी २०२१ रोजी वॉशिंग्टनच्या संसदभवनावर झालेल्या हल्ल्यानंतरच्या दाव्यांतही घेण्यात आला.

मी अनेक वर्षे शाळेत मुलांची भांडणे मिटविली. दोघांचे हात एकमेकांच्या हाती दिले की काम संपले, असे मला वाटे. मार खाल्लेले मूल खाली मान घालून का उभे राहते, हे मी फार उशिरा विचारू लागलो. आपल्या घरांत व संस्थांतही तंटे होतात. समेट अवश्य करावा. परंतु ज्याला लागले आहे त्याचे म्हणणे आधी ऐकावे, एवढाच ह्या चरित्राचा बोध आहे.